पुढची शिफ्ट नसलेलं जहाज

विमानाचं तिकीट निघालं होतं. बॅग भरून तयार होती. आणि बंदराचा अधिकारी म्हणत होता, हा माणूस जहाज सोडून जाऊ शकत नाही.

माणसाचं नाव दत्ता येळवंडे. गाव निघोजे, चाकणच्या एमआयडीसीला लागून. तो ज्या जहाजावर होता, ते आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. बंदराचं नाव लिहीत नाही, कारण तिथं मला अजून कामं पडतात. जहाज चौदा माणसांचं. त्यावर माणूस एक.

ही हकिगत आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालात तीन ओळींत आली आहे. त्या तीन ओळींत मी नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितो.

मी कस्टम क्लिअरिंग एजंट आहे. कंपनीचा माल परदेशी जातो किंवा परदेशातून येतो, तेव्हा सरकारी कागद पुरे करून कंटेनर बंदरातून सोडवणं, हे माझं काम. मूळचा गेवराईचा. भोसरीच्या एका गोदामात माल चढवायला लागलो आणि परवान्याची परीक्षा तिसऱ्या झटक्यात पास झालो. आता निघोजे फाट्याजवळ माझं ऑफिस आहे आणि कासारवाडीत दुमजली जागा आहे. कुणाच्या ओळखीनं काही मिळालेलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून.

कासारवाडीच्या या जागेत वरच्या मजल्यावर संस्था आहे. प्रादेशिक समुदाय कायदा आणि सागरी कायदा यांचा प्रसार करते. पाटी लांबलचक आहे. जवळचा समुद्र घाट उतरून तीन तासांवर. त्यामुळे पाटीवरचा 'कायदा' हा एकच शब्द वाचून लोक वर येतात आणि वाटणीपत्राचं विचारतात. संस्था चालवतात कानिटकर मॅडम. लॉ कॉलेजातून निवृत्त झालेल्या. माझ्यासारख्या एजंटांना त्या संध्याकाळी सागरी कायदा शिकवायच्या. तो वर्ग मला उपयोगी पडला, म्हणून जागा दिली. त्यांनी मला कार्यकारिणीत घेतलं. बैठकीत माझं मत विचारतात आणि मग त्यांना हवं ते करतात.

प्रादेशिक समुदाय कायदा म्हणजे काय, हे मॅडम सोसायटीच्या उदाहरणानं सांगतात. आपल्या फ्लॅटमध्ये आपला नियम. पण जिना सगळ्यांचा, म्हणून जिन्याचे नियम सगळ्यांनी मिळून करायचे. शेजारचे देशही असे गट करून आपसात नियम करतात. समुद्र हा सगळ्यात मोठा जिना. मी एकदा म्हणालो की जिन्यात चपला सगळेच ठेवतात आणि नियम कुणीच पाळत नाही. मॅडम म्हणाल्या, म्हणूनच संस्था लागते.

तर दत्ताची बायको सुनंदा माझ्या फाट्याच्या ऑफिसात आली. पाटीवर 'शिपिंग' असं लिहिलंय, तेवढ्यावर.

"तुमी शिपिंगवाले ना? मंग आमचं मानूस कुठं आडकलंय, तुमाला म्हाईत आसंल."

मी म्हणालो, ताई, जहाजाशी माझा संबंध नाही. मी डबे सोडवतो. डबा म्हणजे कंटेनर.

ती खुर्चीवरून उठली नाही. "मंग त्यास्नी बी डबाच समजा. पन सोडवा."

मी तिच्या फोनवरून दत्ताला व्हिडिओ कॉल लावला. रेंज येत-जात होती. त्याच्याकडून जे कळलं ते असं.

दत्ता बारा वर्षं चाकणच्या एका प्रेसपार्ट कंपनीत मेंटेनन्सला होता. काँट्रॅक्ट संपलं, तेव्हा कुणीतरी सांगितलं की जहाजावर फिटर लागतो, वेल्डिंग आणि पाइपचं काम, इथल्यापेक्षा बरं. त्यानं कोर्स केले, खलाशाचं पासबुक काढलं, एजंट गाठला आणि गेला. पहिले चार महिने ठीक. मग पगार थांबला. मग मालक फोन उचलेना. जहाजाला तेल पुरवणाऱ्या कंपनीनं तिथल्या कोर्टात दावा लावला आणि कोर्टानं जहाजाला अटक केली. जहाजालाही अटक होते. बेड्या नसतात. केबिनच्या काचेला नोटीस चिकटवतात. त्या दिवसापासून जहाज हलवता येत नाही, आणि एखादा तरी माणूस त्यावर राहावाच लागतो. पाण्यावरची वस्तू बेवारस सोडली तर ती दुसऱ्यांच्या अंगावर जाते.

बाकीचे तेरा जण आपापल्या वकिलातींमार्फत गेले. कॅप्टनसुद्धा. शेवटच्या दिवशी बंदराचा अधिकारी कागद घेऊन आला आणि विचारलं, इथं कोण राहतंय? जनरेटर दत्ताच्या हाताखाली होता. त्यानं पेन घेतलं आणि सही केली.

"का केलीस?" मी विचारलं.

"चार्ज घ्यायचा व्हता ना, सायेब. कुनी ना कुनी घ्यायलाच पायजे."

चाकणच्या कोणत्याही मेंटेनन्सवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. शिफ्ट सुटताना चार्ज रजिस्टर असतं. कोणती मशीन चालू, कोणती बंद, कोणतं काम अर्धवट, कोणतं हत्यार कुठं. जाणारा लिहितो, येणारा सही करतो. सही झाल्याशिवाय कुणी गेट ओलांडत नाही. दत्तानं बारा वर्षं अशा सह्या केल्या होत्या आणि आठ तासांनी प्रत्येक वेळी पुढचा माणूस आला होता. इथंही येईल असं त्याला वाटलं. कागद इंग्रजीत होता. त्यात लिहिलं होतं की जहाजाचा विक्री होईपर्यंतचा कायदेशीर रखवालदार मी. पुढची शिफ्ट नव्हतीच.

या गोष्टीला साडेपाच महिने झाले होते. आठवड्यातून एकदा छोटी बोट पाणी, तांदूळ आणि डिझेल टाकून जायची. दत्तानं फोन खाली करून डावा पाय दाखवला. पत्र्यानं घोट्यावर कापलं होतं, आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजून चकाकत होता. सुनंदानं बघितलं आणि फोन माझ्याकडे दिला. कॉल संपल्यावर तिनं एवढंच विचारलं की पाय कापावा लागंल का. मी डॉक्टर नाही, म्हणालो.

तिला घेऊन मी कासारवाडीला गेलो. मॅडमनी सगळं ऐकलं आणि दत्ताला मेसेज केला की जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर एक सर्टिफिकेट लावलेलं असेल, त्याचा फोटो पाठव. होतं. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की जहाजमालकानं आधीच विमा काढून ठेवायचा. मालकानं खलाशांना वाऱ्यावर सोडलं, दोन महिने पगार दिला नाही, तर विमा कंपनीनं त्यांना घरी पोचवायचं आणि ठरावीक थकलेला पगार द्यायचा. मालकानं बाकी सगळं बुडवलं होतं. हा विमा मात्र चालू होता.

मी म्हणालो, मॅडम, ईमेलनं काही होत नाही. मॅडमनी ईमेल केला. दहा दिवसांत तिकीट आलं. हे मी लिहितो आहे, कारण जे झालं ते झालं.

आणि मग अधिकाऱ्यानं ते वर सांगितलेलं वाक्य ऐकवलं. तिकीट आहे ते चांगलं आहे, म्हणाला. पण रखवालदार बदलायचा तर दुसरा आणा. कोण आणणार, ते आमचं काम नाही.

मॅडमनी पत्रं सुरू केली. पहिलं पत्र झेंड्याच्या देशाला. जहाजाला गाडीसारखं पासिंग असतं. गाडी पुण्यात चालते आणि नंबर भलत्याच राज्याचा, तसं हे जहाज भलत्याच देशात नोंदवलेलं होतं. त्या देशाचं उत्तर आलं नाही. दुसरं पत्र बंदराच्या देशाला. उत्तर आलं: दुसरा माणूस आणा. तिसरं पत्र प्रादेशिक समझोत्याच्या कार्यालयाला. या समुद्राच्या काठचे देश जहाजांची तपासणी एकमेकांच्या भरवशावर करतात. एका बंदरात नापास झालेलं जहाज दुसऱ्या बंदराला कळतं. त्यांनी कळवलं की आम्ही नोंद घेतली आहे.

मॅडम चौथं पत्र लिहायला बसल्या, तेव्हा माझा आवाज चढला.

"मॅडम, पत्रानं नांगर उचलला जात नाही."

"शिव्यांनीही नाही, सोळंके."

मी खाली जाऊन चहा घेतला. मला राग आला की मी जिना उतरतो, आणि खाली पोचेपर्यंत डोकं व्यवहाराला लागतं. व्यवहारात पहिला प्रश्न एकच: ही वस्तू नेमकी हवी कुणाला? मालकाला नको होती. झेंड्याच्या देशाला नको होती. बंदराला तर मुळीच नको. दत्ताला नको. मग जहाज हवंय कुणाला?

तेलवाल्याला. जहाज विकलं गेलं तरच त्याचे पैसे सुटणार होते.

दत्तानं काचेवरच्या नोटिशीचा फोटो पाठवला. त्यावर तेल कंपनीचं नाव होतं. चार फोन फिरवल्यावर त्यांचा तिथला माणूस मिळाला. नाव बशीर. दुपारची वेळ होती. वरच्या मजल्यावर, मॅडमच्या टेबलावर फोन स्पीकरला ठेवला. मी हिंदीत सांगितलं की आमचा माणूस आजारी आहे, तुम्ही तुमचा रखवालदार पाठवा.

बशीर हिंदीत म्हणाला की आमचा काय संबंध. सही आम्ही केलेली नाही.

मी फोनपासून तोंड फिरवलं आणि मॅडमकडे बघून बशीरबद्दल मराठीत जे वाटलं ते बोललो. गेवराईच्या भाषेत. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

फोनमधून मराठी आलं.

"साहेब, मी मंडणगडचा. आमच्याकडं ह्याहून बऱ्या शिव्या आहेत. सांगू का?"

मी म्हणालो, नंतर. आधी कामाचं बोलू.

"बोला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट आता तो मोकळा बोलत होता. शिवी खाल्लेल्या माणसाला आपली बाजू भक्कम झाल्यासारखी वाटते. हे मी गोदामात शिकलो. मुद्दाम केलं नव्हतं, पण उपयोग झाला.

मी म्हणालो, बशीरभाई, जहाज एका नांगरावर आहे. दुसऱ्याची साखळी अडकलेली आहे. रोज दोनदा पंप चालवून तळातलं पाणी काढावं लागतं. ते काढणाऱ्याचा पाय सुजलाय. उद्या तो पडला तर पंप कोण चालवणार? मग कोर्टात काय विकणार? बुडबुडे?

बशीर म्हणाला, आमच्या माणसाचा खर्च कोण देणार?

याचं उत्तर मला येत नव्हतं. मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला. जहाज विकलं गेलं की पैसे वाटायची रांग असते. अटकेत जहाज सांभाळायचा खर्च कोर्टात मंजूर करून घेतला, तर तो त्या रांगेत सगळ्यांच्या आधी. म्हणजे रखवालदाराचा खर्च तेलवाल्याला पहिल्यांदा परत मिळणार होता. मी तसंच सांगितलं, जणू मला पहिल्यापासून माहीत होतं. मॅडम काही बोलल्या नाहीत. तेवढं मी त्यांच्या बाजूनं लिहितो.

बशीर म्हणाला, विचारून सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. माणूस पाठवतो. पण एक अट. मालकाचा वकील म्हणतोय की तेल पूर्ण मिळालंच नव्हतं. तर दत्तानं एका कागदावर सही करावी, की तेल माझ्यासमोर पूर्ण भरलं.

मी दत्ताला विचारलं. तो म्हणाला, "म्या बघितलंच न्हाई. म्या तवा खाली वर्कशॉपमंदी व्हतो."

मी मॅडमना म्हणालो, करू दे सही. तेल भरलंच असणार, त्याशिवाय कंपनी दावा कशाला लावेल. एक सही आणि माणूस घरी.

"नाही," मॅडम म्हणाल्या.

मी सुनंदाकडे बोट केलं. ती भिंतीपाशी बसली होती. तिला सांगा म्हणालो, की तत्त्वासाठी पाय गेला. मॅडम तिच्याकडे वळल्या आणि साध्या शब्दांत सांगितलं की तुमच्या नवऱ्यानं न वाचता एक सही केली, म्हणून तो तिथं आहे. आता न बघितलेल्या गोष्टीवर दुसरी सही मागताहेत. मालकाच्या वकिलानं ती खोटी ठरवली, तर त्यांना तिथल्या कोर्टात उभं करतील. मग पायच काय, माणूसच तिथं राहील.

सुनंदानं पदराचं टोक दुमडलं.

"न्हाई करायची सही," ती म्हणाली. "पन दुसरं कायतरी द्या त्यांना. ते बी रिकाम्या हातानं न्हाई मानायचे."

मी पुन्हा जिना उतरलो. मी एकटा असतो तर ती सही दिली असती, हे इथं कबूल करतो. पण सुनंदाचं म्हणणं बरोबर होतं. देवघेवीत नुसतं नाही म्हणून चालत नाही. नाही म्हणताना दुसऱ्या हातात काहीतरी असावं लागतं. दत्ताकडे खरं असं काय होतं, जे बशीरकडे नव्हतं?

त्याला जहाजाची मशीन माहीत होती. सहा महिने त्या एकट्यालाच माहीत होती. लिलावात कुणालाही कळत नाही की इंजिन जिवंत आहे का मेलेलं. कळत नाही तेव्हा सगळे मेलेलं धरून बोली लावतात. मुंढव्याच्या भंगार बाजारातही असंच आहे.

मी बशीरला फोन केला. तेलाचा कागद मिळणार नाही, म्हणालो. त्याऐवजी जहाजाचा चार्ज रिपोर्ट देतो. प्रत्येक मशीन, चालू का बंद, काय बिघडलंय, काय बदललंय. फोटोसकट. बारा वर्षांचा मेंटेनन्सवाला स्वतः बघून लिहील. हा कागद लिलावात दाखवा, बोली चढेल.

"अन् खोटं लिहिलं तर?"

"खराब आहे ते खराबच लिहील. म्हणून तर बाकीचं खरं वाटेल."

बशीरनं पंधरा दिवस मागितले, दत्तानं नव्या माणसाला शिकवायला. मी एक म्हणालो. तो दहा म्हणाला. मी पायाचा फोटो पाठवला. दोनवर तोड निघाली. शिवाय पहिल्या बोटीनं औषधाच्या गोळ्या पाठवायच्या, हे मी वरून घेतलं.

एवढ्यावर मी फोन ठेवणार होतो. मॅडमनी हात वर केला.

"येणाऱ्या माणसाला कोण सोडवणार?"

मला हे सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर सुचायचं कारणही नव्हतं, तो माझा डबा नव्हता. पण मॅडम अडून बसल्या. शेवटी बशीरनं लेखी दिलं की रखवालदार दर तीन आठवड्यांनी बदलेल, आणि पुढच्याचं नाव आधीच कळवलं जाईल. यासाठी मला गोळ्यांच्या खोक्यांतलं एक खोकं सोडावं लागलं.

चार्ज रिपोर्ट दत्तानं जहाजाच्याच एका जुन्या वहीत लिहिला. पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक, मशीन, स्थिती, शिल्लक काम, शेरा. मराठीत, कंपनीत लिहायचा तसाच. मॅडमनी त्याचं इंग्रजी केलं. जनरेटर एक चालू, धूर जास्त. जनरेटर दोन बंद, पार्ट पहिल्यात घातले. पंप चालू, दर बारा तासांनी. उजवा नांगर जाम, हात लावू नये. शिडीची चौथी पायरी सडलेली, माझा पाय तिथंच कापला.

नवा माणूस आला. नाव नसीम. दत्तानं लंगडत त्याला सगळं जहाज फिरवलं. प्रत्येक ओळीवर मशीन चालू करून दाखवली. खाली बोटवाला ओरडत होता की भरती उतरते आहे, चला. दत्ता ऐकेना. दोन दिवस संपले होते, विमान संध्याकाळचं होतं. सुनंदा इकडे फोनवर म्हणत होती, आवो ऱ्हाऊ द्या की आता ते. त्यानं एक्कावन्न ओळी पुऱ्या केल्या. खाली स्वतःची सही केली, नसीमची घेतली, वेळ घातली.

बंदरावर अधिकाऱ्यानं विचारलं की रखवालदार बदलल्याचा कागद कुठे आहे. असा कागद त्यांच्याकडे नव्हताच. कधी कुणी बदललाच नव्हता. मॅडमचं पत्र होतं, बशीरचं पत्र होतं, पण चावी कुणी कुणाला दिली याचा पुरावा हवा होता. दत्तानं वही उघडली. अधिकाऱ्यानं ती मराठी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, इंग्रजी प्रत पाहिली, दोन्ही सह्यांवर बोट ठेवलं आणि शिक्का मारला. म्हणाला, हा फॉर्म चांगला आहे, कुणाचा?

"चाकनचा," दत्ता म्हणाला.

पाय वाचला. पिंपरीच्या दवाखान्यात तीन आठवडे गेले आणि आता थोडा फरक पडतो चालण्यात. थकलेल्या पगाराचं मॅडम बघताहेत, ईमेलनं. मी काही बोलत नाही.

अहवाल आला तेव्हा मी मॅडमना विचारलं की यात मी कुठं आहे. त्यांनी शेवटचं पान काढून दाखवलं. आभार: जागा व चहापान व्यवस्था, श्री. सोळंके. मी म्हणालो, आणि बशीरशी बोललो ते? मॅडम म्हणाल्या की ते संभाषण अहवालात छापण्यासारखं नव्हतं. पुढच्या वर्षी घालू, म्हणाल्या. मी ते लेखी मागितलं आहे. अजून मिळालेलं नाही.

दत्ता परत चाकणला लागला आहे, जुन्याच लाइनीला. त्याचा सुपरवायझर मध्यंतरी माझ्या ऑफिसात आला. त्याची तक्रार होती की हा माणूस चार्ज घेतो, पण घेण्याआधी विचारतो की पुढच्या शिफ्टला कोण आहे. नाव सांगितलं की भागत नाही. त्या माणसाला फोन लावून, येणार का, असं विचारतो, मगच सही करतो. रोज पाच मिनिटं जातात, म्हणाला. तुम्ही ओळखता त्याला, जरा सांगा.

मी त्याला चहा पाजला आणि विचारलं, तुमच्या जागी पुढचा कोण आहे?

तो म्हणाला, अजून ठरलेलं नाही.

मग सही करू नका, म्हणालो.